रँचवरच्या विधवा नायिकेने दुसऱ्यांदा प्रेमात केव्हा पडावे?

कारेलीबाग, बडोदा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षे मी इंग्रजी काउबॉय प्रणयकादंबऱ्या आवडीने वाचत आले आहे आणि आता मराठीत त्याच धर्तीची एक कादंबरी लिहायला घेतली आहे. कथा आजच्या काळातली असून अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या एका रँचवर, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या मळ्यावर, घडते. ती उचलून कच्छात किंवा माणदेशात आणावी असे काही जणींनी सुचवले, परंतु मला जे सांगायचे आहे ते तिथल्या हिवाळ्यावर, दोन घरांमधल्या मैलोगणती अंतरावर आणि बँकेच्या कर्जावर उभे आहे, त्यामुळे तो विचार मी सोडून दिला.

नायिका चौतीस वर्षांची आहे. नोव्हेंबरात एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालवायची छोटी उघडी गाडी) उतारावर उलटून तिचा नवरा वारला. मागे सहा वर्षांची मुलगी, साडेतीनशे गाई आणि वीस मैलांवर राहणारे सासू-सासरे आहेत. नायक म्हणजे तिने हंगामापुरता ठेवलेला गडी. तो पूर्वी रोडिओमध्ये, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांत, बैलांवर बसत असे आणि खांदा निकामी झाल्यावर ते सोडून गुरांच्या कामाला लागला. त्याचीही बायको कर्करोगाने गेलेली आहे. दोघेही पोळलेले, हा या प्रकारातला ठरलेला साचा आहे आणि तो मी जाणूनबुजून घेतला आहे.

अडचण आमच्या वाचनमंडळात सुरू झाली. पहिली पाच प्रकरणे मी तिथे वाचून दाखवली. त्यांत मे महिन्यात, वासरांना डाग देण्याचे, म्हणजे तापल्या लोखंडाने मालकीची खूण उमटवण्याचे, काम चालू असताना, नायिकेची नजर गड्याच्या हातांवर रेंगाळते. एवढ्या एका वाक्यावर तासभर चर्चा झाली. एकीचे म्हणणे, सहा महिन्यांत हे शोभत नाही. दुसरीने विचारले की पहिला नवरा इतका चांगला होता तर हिला दुसरा हवाच कशाला. तिसरीने यावर तोडगा काढला की पहिल्याला दारुडा करून टाकावे, म्हणजे प्रश्नच मिटला. हा तोडगा इंग्रजी कादंबऱ्यांतही सर्रास वापरतात, पण मला तो पळपुटेपणाचा वाटतो. तिचे त्याच्यावर खरोखर प्रेम होते आणि अजूनही आहे, हे मला कायम ठेवायचे आहे.

तेव्हा जाणकारांनी सांगावे की तिला किती वेळ द्यावा, गेलेल्या नवऱ्याला कथेत कुठे ठेवावे आणि रँच न पाहता मी तिथल्या कामाबद्दल जे लिहिते आहे त्यात कोणत्या चुका होण्याचा संभव आहे.

जुना वाचक, दांडिया बाजार

आपल्या मंडळाचा आक्षेप मला मान्य नाही, परंतु तो कुठून येतो हे कळते. प्रणयकादंबरीचा शेवट सुखाचाच असणार, हे वाचक पहिल्या पानापासून गृहीत धरून चाललेला असतो. त्यामुळे हे दोघे एकत्र येतील की नाही याची उत्सुकता उरतच नाही. ते एकत्र येणे तिला झेपेल कसे, एवढाच धागा लेखकाच्या हाती राहतो. अशा वेळी काळ महिन्यांत मोजून दाखवला की वाचकही बोटांवर मोजू लागतो आणि मग सहा महिने कमी वाटतात, अठरा महिने पुरेसे वाटतात, असा निरर्थक हिशेब सुरू होतो.

माझी सूचना अशी की वेळ रँचच्या कामांनी मोजावी. मोंटानात साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिल गाई वितात. मे-जूनमध्ये शेजारपाजारचे लोक जमवून वासरांना डाग देतात. त्यानंतर गुरे डोंगरातल्या कुरणांवर जातात. जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापून हिवाळ्याची बेगमी करतात. ऑक्टोबरच्या सुमारास गुरे खाली आणून वासरे आईपासून तोडतात आणि विकतात. वर्षाची मुख्य कमाई अशी एकदाच हातात पडते आणि त्यातून बँकेचे देणे भागवायचे असते. तुमच्या नायिकेचा नवरा नोव्हेंबरात गेला, म्हणजे पैसे आल्यावर आणि खडतर हिवाळा तोंडावर असताना गेला. हे तुम्ही नकळत फार अचूक साधले आहे. आता तिला ही पूर्ण फेरी एकटीने करू द्या. पहिल्या फेरीत प्रत्येक कामापाशी ‘तो असता तर त्याने हे कसे केले असते’ हा विचार तिला अडवेल. दुसऱ्या फेरीत त्याच कामापाशी ‘मागच्या वर्षी मी हे कसे केले होते’ असे तिच्या मनात येईल. ज्या दिवशी तो पहिला विचार न येता दुसरा आला, त्या दिवसानंतर ती कोणाच्याही प्रेमात पडली तरी मंडळाची तक्रार राहणार नाही. मेमधली ती नजर काढू नका. नजर आणि प्रेम यांच्यामध्ये एक हिवाळा ठेवा.

दुसरी गोष्ट थोडी विषयाला लागून आहे. कर्तबगार विधवा आपल्याला अगदी मनापासून आवडते. बडोद्यापुरते पाहायचे तर खंडेराव गायकवाडांच्या मागे राहिलेल्या महाराणी जमनाबाईंनी १८७५ साली कवळाण्याच्या एका मुलाला दत्तक घेतले, त्याचे पुढे सयाजीराव झाले, आणि ही कथा इथले प्रत्येक मराठी घर अभिमानाने सांगते. टेक्ससमध्येही अशीच एक बाई होऊन गेली. किंग रँचचा संस्थापक रिचर्ड किंग १८८५ मध्ये वारला तेव्हा त्याच्या पत्नीच्या, हेन्रिएटाच्या, वाट्याला अवाढव्य जमीन आणि सुमारे पाच लाख डॉलरचे कर्ज आले. जावयाला व्यवस्थापक नेमून तिने ते फेडले आणि १९२५ मध्ये ती गेली तेव्हा रँच दहा लाख एकरांच्या पलीकडे पोचला होता. या चाळीस वर्षांत तिने अंगावरचा काळा पोशाख उतरवला नाही. म्हणजे पराक्रमी विधवा दोन्हीकडे चालते, परंतु तिने पराक्रमाबरोबर शोकही जन्मभर अंगावर वागवावा अशी अपेक्षाही दोन्हीकडे होती. आजची काउबॉय कादंबरी ही अट काढून टाकते. तिच्या कथानकांत कितीही साचेबंदपणा असला तरी एवढे श्रेय तिला द्यायला हवे, आणि तुमच्या मंडळाला खुपले ते बहुधा हेच आहे.

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्यक म्हणून आणंद-बडोदा पट्ट्यात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. प्रणयाविषयी मला बोलण्याचा अधिकार नाही, गुरांविषयी थोडा आहे.

साडेतीनशे गाई दोन महिन्यांत विणार, म्हणजे दिवसाला सरासरी पाच-सहा, आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याहून अधिक. पहिलारू कालवडींवर रात्रीही दर दोन-तीन तासांनी नजर ठेवावी लागते. बाहेर उणे तीस अंश असेल तर ओले वासरू जमिनीवर पडताच गारठू लागते आणि त्याचे कान व शेपटीचे टोक गोठून गळून पडते. अशी वासरे गाडीत हीटरपुढे किंवा थेट घरात, कोमट पाण्याच्या टबात ठेवतात. चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला पाहिजे, कारण चोवीस तास उलटल्यावर त्यातली रोगप्रतिकारक द्रव्ये वासराच्या आतड्यातून शोषली जात नाहीत. एक बाई आणि एक गडी एवढ्यांवर हा हंगाम निभावणे अवघड आहे. सासऱ्यांना दिवसाच्या पाळीवर आणा, नाहीतर वाचणारा कोणीही जाणकार पहिल्याच रात्री पुस्तक मिटेल.

अडलेली गाय सोडवताना वासराच्या पुढच्या पायांना साखळी लावतात. वेढा खुराच्या वरच्या सांध्याच्या वर एक आणि खाली एक असा दुहेरी घालतात, म्हणजे ताण एका जागी येऊन हाड मोडत नाही. एकदा एक पाय, मग दुसरा, असे आळीपाळीने ओढतात, आणि तेही गाय कळ देईल तेव्हाच. डोके बाहेर आले की ओढ खालच्या दिशेने घ्यायची. हे काम दोन माणसांनी पहाटे तीन वाजता कोपरापर्यंत हात माखलेले असताना केले, की त्यांच्यात जी ओळख होते ती शब्दांनी होत नाही. मी वाचलेल्या एकदोन कादंबऱ्यांत मात्र नायक-नायिका वादळात झोपडीत अडकतात. वासरू ओढताना अडकलेले कोणी दाखवत नाही.

आता तुमच्या विषयाच्या गाभ्याशी जाणारी एक पद्धत सांगतो. एखाद्या गाईचे वासरू मेले आणि दुसरीकडे एखादे वासरू पोरके झाले, तर रँचवर मेलेल्या वासराचे कातडे सोलून ते पोरक्या वासराच्या अंगावर बंडीसारखे चढवतात आणि दोरीने बांधतात. गाय आपले पिल्लू वासाने ओळखते. ती शेपटीखाली हुंगते, थोडी बुजते, पुन्हा हुंगते आणि बहुतेक वेळा त्याला पिऊ देते. दोन-चार दिवसांत त्या वासराच्या अंगाला तिच्या स्वतःच्या दुधाचा वास येऊ लागतो आणि मग कातडे काढून टाकतात. काढायला उशीर केला तर ते सडते. आपल्याकडे खेड्यांत मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करत आणि ती ते चाटत पान्हा सोडत असे. फसवणूक दोन्हीकडे आहे, पण आपल्याकडच्या प्रकारात माणसाला दूध मिळे आणि तिकडच्या प्रकारात एका जिवंत वासराला आई मिळते. हा प्रसंग तुमच्या मार्चमधल्या प्रकरणात जरूर घ्या. मात्र कृपा करून नायिकेला त्यावर चिंतन करायला लावू नका. तिने सुरी धुवावी आणि पुढच्या गाईकडे जावे.

एक गंमत. मोंटानातल्या गाई काळ्या अँगस किंवा हेरफर्ड दाखवा, वशिंडाच्या नकोत. पण रोडिओतल्या बैलांमध्ये ब्राह्मण जातीचे रक्त बरेच असते आणि ही जात अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाखोऱ्यातल्या गुरांपासून घडवली गेली. तेव्हा तुमच्या नायकाचा खांदा निकामी करणारा बैल दूरच्या नात्याने गुजरातचाच ठरतो.

मकरपुरा

सर्वांनी इतके गोडीने लिहिले आहे की थोडे कडू लिहिणे मला भाग आहे.

ही कादंबरी प्रेमाची म्हणवते, परंतु तिच्या तळाशी मालमत्ता असते. तुमची नायिका मालकीण आहे आणि नायक तिचा पगारी नोकर आहे. तो बहुधा तिच्याच आवारातल्या खोलीत राहतो. त्याने तिला नकार दिला किंवा तिने त्याला, तरी नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर त्याचेच जाणार. स्त्री-पुरुष उलट असते, म्हणजे रँच पुरुषाचा आणि हंगामी कामगार विधवा स्त्री असती, तर आपण सर्वांनी हा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात विचारला असता. पगाराचा विषय दोघांमध्ये एकदा तरी उघडपणे निघाला पाहिजे.

जमीन कोणाच्या नावावर आहे हेही पाच प्रकरणांत आले असेल अशी आशा आहे. आपल्याकडे १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क संपत असे, जणू ती त्या दिवशी वारली. अमेरिकेतल्या १८६२ च्या होमस्टेड कायद्यात गंमत निराळी होती. कुटुंबप्रमुख म्हणून विधवा स्त्रीला १६० एकर सरकारी जमिनीवर स्वतःच्या नावाने दावा करता येई, नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या स्त्रीला सहसा येत नसे. आजच्या मोंटानात पुनर्विवाहाने वारसा आपोआप जात नाही. मात्र अनेक रँच कुटुंबाच्या कंपनीच्या किंवा न्यासाच्या नावावर असतात आणि तिथे सासू-सासऱ्यांचा हिस्सा असू शकतो. मग सासऱ्याच्या गप्प राहण्याला कथेत वजन येते.

शेवटचे असे की मुखपृष्ठावरचा काउबॉय नेहमी गोराच का असतो याचाही विचार व्हावा. घोड्यावरून गुरे राखण्याची ही विद्या मेक्सिकन गुराख्यांकडून आलेली आहे, एकोणिसाव्या शतकातल्या टेक्ससच्या गुराख्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती, आणि धावत्या घोड्यावरून उडी मारून बैलाला शिंगे धरून लोळवण्याचा रोडिओतला खेळ प्रसिद्धीला आणला तो बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयने. तुमचा नायक कोण आहे?

फत्तेगंज

मी रँच पाहिलेला नाही आणि काउबॉयही पाहिलेला नाही, परंतु वैधव्यानंतर दुसरे लग्न केले आहे, म्हणून लिहिते.

पहिले यजमान अचानक गेले तेव्हा मुलगा शाळेत जाऊ लागला होता. त्यानंतरच्या नवरात्रात सोसायटीच्या मैदानावर गरबा चालू होता आणि मी कडेला खुर्ची टाकून बसले होते. बडोद्यात त्या दिवसांत घरात बसून राहणे व्यर्थ असते, कारण ढोल स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. माझ्या पायाची बोटे चपलेच्या आत ताल धरत होती आणि ते कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी साडीचा घोळ पुढे ओढून घेतला. दुःख कमी झालेले नव्हते. ते पायांपर्यंत पोचले नव्हते, इतकेच. म्हणून तुमच्या नायिकेची ती मेमधली नजर मला खरी वाटते. प्रश्न एवढाच आहे की त्यानंतर तिने काय केले हे तुम्ही लिहिले आहे का? माझ्या अंदाजाने ती त्या दिवशी गड्याला विनाकारण टाकून बोलेल आणि रात्री नवऱ्याचे कपाटातले स्वच्छ शर्ट पुन्हा धुवायला काढेल.

गेलेल्या नवऱ्याला कुठे ठेवावे असे तुम्ही विचारता. इंग्रजी कादंबऱ्यांत तो मला दोनच ठिकाणी सापडला, एक तर भिंतीवरच्या तसबिरीत, नाहीतर एखाद्या पत्रात, ज्यात तो मरणापूर्वी ‘तू पुन्हा सुखी हो’ असे लिहून ठेवतो. ही पत्राची सोय मला मुळीच आवडत नाही. परवानगी घेतल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नाही असेच त्यातून निघते, आणि ज्यांची माणसे क्षणात जातात त्यांना असे पत्र कोण देणार? आमच्या घरी पितृपक्षात पहिल्या यजमानांची तिथी होते. मुलगा श्राद्धाला बसतो आणि हे त्या दिवशी दुकान लवकर बंद करून भाज्या घेऊन येतात. गवार त्यांना आवडत असे, ती आठवणीने आणतात. दोघांची कधी भेट झाली नाही, पण एकाच्या आवडीनिवडी दुसऱ्याला पाठ आहेत. तुमच्या नायकालाही अशी एखादी गोष्ट ठाऊक असू द्या. नवऱ्याने बांधलेले कुंपण कुठे ढिले आहे, त्याचा घोडा कोणत्या बाजूने चढू देत नाही, हे त्याला कामातूनच कळत जाईल.

आणखी एक सांगते, जे या कादंबऱ्या बहुधा विसरतात. नायकाची बायको कर्करोगाने गेली, असे एका वाक्यात उरकून सगळा शोक नायिकेकडे देऊन टाकतात. मी यांच्या घरी आले तेव्हा हळद-तिखटाच्या डब्यांवर पहिल्या बायकोने चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या, गुजराती अक्षरांत. मला गुजराती वाचता येते, तरी पहिले काही महिने मी डबे उघडून, वास घेऊन पाहत असे. चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत. वाफेने सुटत गेल्या तशा गेल्या, एक अजून आहे. तुमच्या गड्याच्या गाडीत, त्याच्या खोगिराच्या पिशवीत, त्या बाईच्या हातचे काय आहे? नायिकेला ते कधी दिसते आणि ती त्याला हात लावते की नाही?

सासूबाईंबद्दलही लिहिते. कादंबरीतली सासू दोन प्रकरणांत विरघळते आणि नायिकेला मिठी मारते. माझ्या पहिल्या सासूबाई लग्नाला आल्या नाहीत. त्यांनी विरोध केला नाही, शापही दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला आणि त्यांनी एवढेच विचारले, “पोराला आज शाळेतून कोणी आणलं?” मी म्हटले, “ह्यांनी.” त्या “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. आता दर रविवारी मुलगा त्यांच्याकडे जेवतो. तुमची सासू वीस मैलांवर आहे आणि नात एकच आहे. तिची भीती नव्या पुरुषापेक्षा नात दुरावण्याची असेल.

आणि हो, गुरांवरचा तो डाग कोणाच्या नावाचा असतो? लग्नानंतर तो बदलतो का?

जुना वाचक, दांडिया बाजार

फत्तेगंज यांचा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. डाग ही नोंदवलेली मालमत्ता असते. ती वारशाने जाते आणि दुसऱ्याच्या नावावर करता येते. मोंटानात दर दहा वर्षांनी डागांची फेरनोंदणी करावी लागते आणि ती २०२१ मध्ये झाली. कथेचा काळ त्या वर्षी ठेवलात तर नोंदणीचा कागद नवऱ्याच्या नावाने टपालात येईल आणि तो कोणाच्या नावाने परत पाठवायचा हे तिला ठरवावे लागेल. लग्नाने डाग बदलत नाही. तिने ठरवले तर नव्या संसारातही वासरांच्या अंगावर पहिल्या नवऱ्याचाच डाग उमटत राहील, आणि लोखंड तापवून देणारा दुसरा नवरा असेल.

श्राद्धाच्या संदर्भात आणखी एक. अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो. तो मुळात युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी आहे, परंतु अनेक कुटुंबे त्या सुमारास आपल्या माणसांच्या थडग्यांची साफसफाई करून फुले ठेवतात. डाग देण्याचा हंगाम आणि हा दिवस तुमच्या कथेत लागोपाठ येऊ शकतात. पहिल्या वर्षी सासू आणि नायिका दोघी थडग्यावर जातील, पण वेगवेगळ्या वेळी.

मकरपुरा यांच्या मुखपृष्ठाच्या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्यासाठी कथेत इतिहासाचा धडा घालू नये.

कारेलीबाग

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे मंडळात वाचून दाखवली. दारुड्याचा तोडगा सुचवणाऱ्या आमच्या मैत्रिणीने सासूबाईंच्या फोनपाशी थांबून तो उतारा पुन्हा वाचायला लावला.

मेमधली नजर राहील. त्या संध्याकाळी ती त्याला एका उघड्या राहिलेल्या फाटकावरून खडसावेल, आणि ते फाटक तिनेच उघडे ठेवलेले असेल. प्रेमाची कबुली पुढच्या वर्षीच्या मार्चनंतर नेते आहे. कथेचा आरंभ २०१९ च्या नोव्हेंबरात धरला तर फेरनोंदणीचा कागद दुसऱ्या फेरीत नेमका सापडतो. त्यात करोनाचे वर्ष मध्ये येते, त्याचा विचार अजून करायचा आहे. जमीन कुटुंबाच्या कंपनीच्या नावावर करते आहे आणि सासऱ्यांना दिवसपाळीवर आणते आहे, म्हणजे नायक आणि सासरे यांना रोज सकाळी एकमेकांकडे काम सोपवावे लागेल. दोघेही मितभाषी आहेत, त्यामुळे ही देवघेव लिहायला मला मजा येईल.

पगाराचा प्रसंग मी घालणार आहे. कबुलीनंतर दुसऱ्या दिवशी महिन्याचा धनादेश लिहिताना तिचा हात अडखळतो आणि तो म्हणतो की हा घेतल्याशिवाय मी जेवायला बसणार नाही. नायकाची आई मूळची न्यू मेक्सिकोतली, पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्या घरातली, असे ठरवले आहे. त्याबद्दल व्याख्यान होणार नाही, तो दोर टाकतो त्यातून जेवढे दिसेल तेवढे दिसेल. त्याच्या बायकोचे काय उरले आहे हे मात्र अजून सुचलेले नाही. फत्तेगंजबाई, तो डबा मी उचलणार नाही, तो तुमचा आहे.

कातड्याचा प्रसंग लिहायला घेतला आहे. डॉक्टरसाहेब, एक शंका आहे. गारठलेल्या वासराला घरात आणल्यावर चीक बाटलीने पाजतात की नळीने? दोघांपैकी एकाने वासराचे तोंड धरायचे आहे, म्हणून विचारते.

गोठ्यातला डॉक्टर

आधी बाटली. वासराच्या तोंडात बोट घालून पाहावे. ते चोखत असेल तर बाटलीने पितेच. तोंड गार असेल आणि चोखत नसेल तर आधी ऊब द्यावी, मग नळीने पाजावे. नळी घालताना दुसऱ्या हाताने मानेवर चाचपून दोन नळ्या वेगवेगळ्या लागतात का ते पाहावे लागते, एक आपण घातलेली आणि एक श्वासनलिका. एकच लागली तर आपली नळी श्वासनलिकेत गेली आहे. ती ताबडतोब बाहेर काढावी, नाहीतर दूध फुप्फुसात जाऊन वासरू मरेल. चीक वासराच्या अंगाइतका, म्हणजे सुमारे ३९ अंश कोमट असावा. तोंड नायकाने धरावे आणि नळी नायिकेने घालावी, कारण इतकी वर्षे त्या रँचवर राहिलेल्या बाईला हे त्याच्यापेक्षा चांगले येत असणार. प्रकरण झाले की पाठवा, वाचून कळवतो.